बोळाच्या तोंडाशी

"म्याडम, हे हितं कशाला आखताय?"

दशरथ पेंटरनं दोरीचं एक टोक फुटपाथच्या कडेला दाबून धरलं होतं, दुसरं माझ्या हातात होतं. मी वर पाहिलं. स्कूटरवरची बाई पस्तिशीची असेल. डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, त्यावर हेल्मेट, पाठीवर तिच्यापेक्षा रुंद काळी पिशवी. एक पाय जमिनीवर टेकवून ती माझ्याकडे नाही, बाजूच्या बोळाकडे बघत होती.

"तुमच्यासाठीच आखतोय ताई," मी म्हटलं. "पार्सलच्या गाड्यांना थांबायची जागा. टेम्पो इथं लागेल, मागं तुमच्या स्कूटर. शेजारी बाकडी ठेवणार आहोत, त्यावर पार्सलं लावून घेता येतील."

"ते कळलं ओ. जागा तर कवापासून पायजेच हुती. पण हितं नको. टेम्पो हितं लागला की लोहार बोळातनं येणारं माणूस दिसणारच न्हाई. आन् बोळातली पोरं चालत येत न्हाईत, पळतच येत्यात."

"नकाशा मंजूर झालाय," मी म्हटलं. "पाच दिवसांची चाचणी आहे. अडचण आली तर बघू."

"आल्यावर बघणार?"

तिनं टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. तेवढ्यात तिचा फोन वाजला, "आले आले, चौकात हाय," म्हणत तिनं गाडी काढली. दशरथ ब्रश डब्यात बुडवून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"मारू का म्याडम?"

"मारा," मी म्हटलं.

ही नऊ वर्षांपूर्वीची, जानेवारीतली गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते. पुण्याला शहररचना शिकून सांगलीला परत आले होते आणि पेंडसे सरांच्या ऑफिसात नोकरीला लागले होते. आमचं ऑफिस म्हणजे सर, मी, एक ड्राफ्ट्समन आणि दोन कॉम्प्युटर. रंगारी रस्त्याचं काम हे मला स्वतंत्रपणे मिळालेलं पहिलं काम.

रस्ता तसा लहान. एका बाजूला दुकानं, त्यावर तीन मजले बिऱ्हाडं, मागं बोळ. घरोघरी मोबाइलवरून वस्तू मागवायला लागल्यापासून त्या रस्त्याची दैना झाली होती. चपला, मिक्सर, पुस्तकं, पोराबाळांचे डायपर, सगळं खोक्यातून यायचं. आणि आणणारी गाडी उभी कुठं राहणार? रस्त्याच्या मधोमध. मागं रिक्षा, त्यामागं शाळेची व्हॅन, त्यामागं शिव्या. मी तीन दिवस एका रसवंतीच्या बाकड्यावर बसून मोजणी केली होती. एका दिवसात दोनशे अठरा वेळा पार्सलची गाडी थांबली आणि त्यातली एकही धड जागी थांबली नाही, कारण धड जागाच नव्हती. रायडर लोक पार्सलं फुटपाथवर मांडून पत्ते लावायचे, येणारेजाणारे त्यावरून उड्या मारत जायचे.

मी कागदावर तीस फुटांचा एक पिवळा चौकोन काढला. दहा मिनिटं थांबा, पार्सलं लावा, निघा. शेजारी बसायला दोन लाकडी बाकडी आणि पाण्याचा जार. सरांनी त्याला नाव दिलं 'पार्सल कट्टा'. महापालिकेनं चाचणीला परवानगी दिली. शनिवारी सभेपुढं अहवाल ठेवायचा होता आणि तो पसंत पडला तर आणखी अकरा रस्ते आम्हाला मिळणार होते.

रंग वाळेपर्यंत मी तिथंच उभी होते. मगदूम वस्त्रभांडाराच्या पायरीवरून मगदूम काकांनी हाक मारली.

"मेघना, चहा घेऊन जा ग बाळ. उन्हात उभारलीयास."

काका वडिलांच्या ओळखीचे. दर रविवारी जैन बस्तीत दर्शनाला गेल्यावर दोघांची भेट व्हायची. मी चहा घेतला. काकांनी चौकोनाकडे पाहिलं, त्यांचं दुकान सोडून पलीकडं, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओसमोर तो सुरू होत होता आणि बरोबर बोळाच्या तोंडाशी संपत होता.

"छान झालं," काका म्हणाले. "हुशार आहे आमची पोरगी."

मी चहा संपवला आणि निघाले.

मंगळवार, बुधवार इतके चांगले गेले की मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. टेम्पो चौकोनात, स्कूटर त्याच्या मागं, रस्ता मोकळा. रायडर बाकड्यावर बसून पार्सलं लावत होते, पाणी पीत होते. शाळेच्या व्हॅनवाल्यानं मला मुद्दाम थांबवून सांगितलं, "मॅडम, चार वर्षांत पहिल्यांदा वेळेत पोचलो." सरांनी स्वतः येऊन फोटो काढले. ती पहिल्या दिवशीची बाईही दिसली. तिचं नाव सुनंदा वाघमोडे, हे मला तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरून कळलं. मी हात केला. तिनंही केला. पण मी पाहिलं, बोळाजवळ आली की ती गाडी इतकी हळू करायची की दोन्ही पाय खाली घासत न्यायची. मागचे लोक हॉर्न मारायचे. ती हलायची नाही.

गुरुवारी सकाळी अकराला मी ऑफिसात अहवालाचं शेवटचं पान लिहीत होते. सरांचा फोन आला.

"मेघना, रंगारी रस्त्यावर काहीतरी झालंय. कट्ट्यापाशी. एका लहान मुलीला गाडी लागली म्हणतात."

"किती लागलंय?"

"माहीत नाही. तू जाऊन बघ आणि मला सांग. कुणाशी काही बोलू नकोस."

ऑफिसपासून रंगारी रस्ता सात मिनिटांवर आहे. ती सात मिनिटं मी एकच वाक्य मनात म्हणत होते, बोळापाशी नसू दे, बोळापाशी नसू दे.

बोळापाशीच होतं. चौकोनात टेम्पो तसाच उभा होता. त्याच्या तोंडासमोर, बोळाच्या कडेला माणसं गोल करून उभी होती. मधे काही नव्हतं. फुटपाथच्या दगडाला रक्त लागलेलं होतं, तळहाताएवढं.

"काय झालं?" मी एकाला विचारलं.

"माळग्यांची तनिष्का. शाळेला निघालेली. बोळातनं आली, टेम्पोच्या पुढनं रस्त्यात. त्या पार्सलवाल्या बाईनं उडवली."

"कुठं आहे ती?"

"तिनंच उचलून सिव्हिलला नेली. लोकं मारायला धावली हुती तिला, पण पोरीला उचलून रिक्षात बसली ती. डोक्याला लागलंय पोरीच्या."

मी मगदूम काकांच्या दुकानाकडं पाहिलं. ते पायरीवर उभे होते. मी पाहतेय म्हटल्यावर ते आत गेले.

फोन पुन्हा वाजला. "कळलं मला सगळं," सर म्हणाले. "रायडरनं धडक दिली. स्पीडनं चालवतात हे लोक, सगळ्या गावाला माहीत आहे. यात आपला काही संबंध नाही. तू ऑफिसला ये."

"सर, टेम्पो उभा असल्यामुळं..."

"मेघना, ऑफिसला ये."

"हो सर," मी म्हटलं आणि गाडी सिव्हिलकडं वळवली.

सुनंदा स्कॅनच्या खोलीबाहेर जमिनीवर बसली होती. बाकडं रिकामं होतं तरी जमिनीवर. तिच्या कंपनीच्या शर्टाची उजवी बाही रक्तानं भरलेली होती. मला वाटलं तिलाही लागलंय.

"न्हाई, पोरीचं हाय," ती म्हणाली. "डोकं मांडीवर घेतलं हुतं."

"कशी आहे?"

"कपाळाला चार टाके घातले. बोलत हुती. पण मग ओकली. डॉक्टर म्हणाले, ओकली म्हणजे आत लागलंय का बघाय पायजे. आत घेतलंय." ती थांबली. "म्याडम, मी पळवत नव्हते. देवाशप्पत. पाय खाली हुते माझे. हँडल खांद्याला लागलं निस्तं, ती आडवी पडली, दगडावर."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

समोरच्या भिंतीशी मुलीचे आईवडील उभे होते. वडील शिवलिंग माळगे, मोटारी रिवाइंडिंगचं काम करायचे, हातांना काळं तेल तसंच होतं. आई भिंतीला कपाळ लावून उभी होती. तिनं हातात मुलीचं शाळेचं दप्तर धरलं होतं.

मी त्यांच्याकडं गेले नाही. काय म्हणून जाणार? मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. मी पार्सल घेऊन येणारी नव्हते, नातेवाईक नव्हते. बाकड्यावर बसले.

थोड्या वेळानं हवालदार आले. खाडे म्हणून होते, दवाखान्याच्या चौकीतले. वही उघडून ते सुनंदासमोर खुर्ची घेऊन बसले. तिला उठायला सांगितलं. ती उठली.

"नाव, गाव, लायसन."

तिनं सगळं सांगितलं. नवरा मार्केट यार्डात हमाल, दोन मुलं, स्कूटर दिराची. लायसन दिलं.

"किती स्पीड हुता?"

"नव्हताच साहेब. पाय खाली हुते."

"सगळ्यांचेच पाय खाली असत्यात," खाडे लिहिता लिहिता म्हणाले.

शिवलिंग माळगे भिंतीपासून पुढं आले. आवाज मोठा नव्हता त्यांचा, पण दाबून धरलेला होता. "हिला सोडू नका साहेब. ह्या लोकांना एकेक मिनिट वाचवायचं असतं. माझी पोरगी आत पडलीय. काय झालं बिझालं तिला तर..."

"तक्रार देताय ना?" खाडेंनी विचारलं.

"देतोय."

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मला वाटलं, आता ती सांगणार. सोमवारीच सांगितलं होतं ह्या बाईंना, दिसत नाही म्हणून. सांगायला हवंच होतं तिनं, तिच्या बाजूचं तेवढंच होतं. पण नाही. नजर काढून घेऊन ती स्कॅनच्या खोलीच्या दाराकडं बघायला लागली. त्या क्षणी तिला मुलीचीच काळजी होती, स्वतःची नव्हती, आणि माझी तर नव्हतीच.

मी उठले.

"साहेब, मला बोलायचंय."

"तुम्ही कोण?"

"मी मेघना उपाध्ये. तो पिवळा चौकोन मी आखलाय."

"कुठला चौकोन?"

"रंगारी रस्त्यावर, पार्सलच्या गाड्यांसाठी. टेम्पो त्यात उभा होता, म्हणून बोळातून आलेली मुलगी दिसली नाही. ह्यांना मुलगी नाही आणि मुलीला गाडी नाही. कुणालाच दिसलं नसतं. ह्या बाई हळू होत्या म्हणून..." मी सुनंदाकडं बोट केलं. "सोमवारी त्यांनी मला सांगितलं होतं, इथं आखू नका म्हणून. मी ऐकलं नाही."

खाडेंनी पेन थांबवलं. "म्हणजे तुम्हाला ठाऊक नव्हतं, हिनं सांगितलं, तरी तुम्ही..."

"मला ठाऊक होतं," मी म्हटलं.

हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. रात्री डोळे मिटल्यावर स्वतःलासुद्धा नाही. मी पिशवीतून लॅपटॉप काढला, बाकड्यावर ठेवून उघडला आणि पहिला नकाशा काढला. डिसेंबरमधला. त्यात चौकोन मगदूम वस्त्रभांडारासमोर होता. स्टुडिओपुढची जागा मोकळी होती आणि बोळाच्या तोंडाशी लाल अक्षरात लिहिलेलं होतं, 'येथे कोणतेही वाहन उभे करू नये. दृष्टी अडते.' खाली माझं नाव, तारीख.

खाडे वाकून वाचत होते. शिवलिंग माळगेही आले. त्यांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"मग हलवलं कुणी?" त्यांनी विचारलं.

काकांनी आमच्या घरी येऊन, वडिलांसमोर बसून, "बाळ, लग्नसराईत माझ्या दारात टेम्पो उभा केलास तर गिऱ्हाईक आत यायचं कसं?" असं म्हटलं होतं. वडिलांनी फक्त माझ्याकडं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले होते, "स्टुडिओ बंद आहे, तिथं कोण ओरडणार? सरकव." मी सांगू शकत होते हे सगळं.

"मी," मी म्हटलं. "कॉम्प्युटरवर हलवायला अर्धं मिनिट लागलं. ती लाल ओळ पुसायला तेवढंही नाही."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरंच वाटलं असतं मला. पण ते मागं सरकले आणि बायकोशेजारी जाऊन भिंतीला टेकून बसले.

"बाई," खाडे म्हणाले, "हे मी लिहून घेऊ? लिहिलं की मग परत घेता यायचं न्हाई."

"घ्या."

"नोकरी करता ना कुठं?"

"करते."

"विचारलं आपलं," असं म्हणून त्यांनी वहीचं नवं पान काढलं.

मी सांगत गेले, ते लिहीत गेले. मी सही करणार तेवढ्यात तनिष्काची आई जवळ आली.

"अजून हाय का तो टेम्पो तिथं?" तिनं विचारलं.

"मी आले तेव्हा होता."

"बोळात आणखी अकरा पोरं हायत. साडेबाराला दुसरी शाळा सुटती. सही नंतर करा. आधी तिथला टेम्पो काढाय सांगा."

मला हे सुचलंच नव्हतं. एवढा वेळ मी माझ्या चुकीचा विचार करत बसले होते आणि ती चूक तिथं उभीच होती. मी दशरथ पेंटरला फोन लावला. तो दोन गल्ल्यांपलीकडं राहायचा. "दशरथ, चौकोनात उभी असलेली गाडी काढायला लावा आणि फुटपाथवरची दोन्ही बाकडी आडवी टाका तिथं. कुणाला आत येऊ देऊ नका. मी येईपर्यंत हलू नका." दहा मिनिटांनी फोन आला, "झालं म्याडम. मी बाकड्यावरच बसलोय."

मग वाट बघणं राहिलं. किती वेळ ते मला नीट सांगता येणार नाही. घड्याळ होतं समोर, पण मी त्याच्याकडं बघत नव्हते. सुनंदा पुन्हा जमिनीवर बसली. मीही बाकड्यावरून उतरून तिच्याशेजारी बसले. सरांचे फोन येत होते, मी फोन पालथा ठेवला होता.

"तुम्ही मगाशी सांगितलं का नाही?" मी तिला विचारलं. "मी तुमचं ऐकलं नव्हतं, ते."

"सांगून काय पोरगी उठून बसणार हुती का?" ती म्हणाली. मग म्हणाली, "आन् खरं सांगू का, मला वाटलं, नाकाराल तुम्ही. मग मी खोटी पडले असते. त्यापेक्षा गप बरं."

खोलीचं दार उघडलं. डॉक्टर तरुण होता, माझ्याच वयाचा असेल. त्यानं मास्क खाली ओढला आणि सगळ्यांकडं पाहिलं, आईवडील कोण हे त्याला कळेना.

"तनिष्का माळगे?"

आम्ही चौघंही पुढं झालो.

"स्कॅन नॉर्मल आहे. आत काही नाही. घाबरून उलटी झाली असणार. आज रात्र ठेवून घेतो, उद्या घरी न्या. टाके आठवड्यानं काढू." मग जरा हसला. "भूक लागलीय म्हणते. आणि विचारते, शाळेत गैरहजेरी लागेल का?"

आईनं दप्तर छातीशी धरलं आणि ती आत धावली. शिवलिंग माळगे जागचे हलले नाहीत. तेलकट हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं. सुनंदा माझ्या अंगावर कलंडली. तिचं वजन मला पेललं नाही, आम्ही दोघी पुन्हा खाली बसलो. ती रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. मी रडत होते, ते मात्र मला कळत होतं.

काही वेळानं माळगे आमच्यासमोर येऊन उभे राहिले.

"ताई," ते सुनंदाला म्हणाले, "तुम्ही उचलून आणलंत. पळून जाता आलं असतं." ते खाडेंकडं वळले. "माझी तक्रार न्हाई साहेब."

"आन् ह्या म्याडमविरुद्ध?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर माया नव्हती, असायचं कारणही नव्हतं. "त्यांनी ते हलवावं. आज. उद्या न्हाई. न्हाई हलवलं तर मी येतो तुमच्याकडं."

"हलवते," मी म्हटलं.

दुपारी दोनला मी मगदूम काकांच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. काका गादीवर बसले होते, समोर जेवणाचा डबा न उघडलेला.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे. चार टाके. डोक्याला आत काही नाही."

त्यांनी डोळे मिटले. हात जोडले की काय असं मला वाटलं, पण त्यांनी फक्त डबा बाजूला सारला.

"मी बघितलं," ते म्हणाले. "हितूनच बघितलं. ती पोरगी पळत आली, मला दिसली, त्या बाईला न्हाई दिसली. मी ओरडलो, पण काचेच्या आत बसून ओरडून काय होतंय?"

"काका, चौकोन तुमच्या दारात घ्यावा लागेल."

"सगळा?"

"निदान पंधरा फूट."

"बारा," काका म्हणाले. "त्याच्यावर एक इंच न्हाई. लग्नसराई हाय पोरी."

मी उभ्याउभ्या हिशेब केला. स्टुडिओसमोर बारा फूट मोकळं राहिलं तर बोळ दिसत होता, पण पुरेसा नाही. मला पंधरा हवेतच होते. मग मी चौकोनच तीन फुटांनी आखूड केला. एक स्कूटर कमी बसेल, बसो. काकांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि नोकराला म्हणाले, "बाहेरची पुतळी आत घे. टेम्पोवाले धक्का मारतील."

दशरथ खरंच बाकड्यावर बसून होता, जेवायलाही गेला नव्हता. बाकडी परत फुटपाथवर ठेवून त्यानं काळ्या रंगानं जुन्या रेघा बुजवल्या. मी दोरी धरली. नव्या पिवळ्या रेघा मारून होत आल्या तेव्हा पेंडसे सर आले. गाडीतून उतरून ते रस्त्याच्या पलीकडं थांबले, बघत. मी ताणलेली दोरी सोडली नाही. आता नोकरी गेली, हे मला कळलेलं होतं आणि आश्चर्य म्हणजे त्याची भीती वाटत नव्हती. सकाळपासूनची सगळी भीती दवाखान्यातच संपली होती.

सर रस्ता ओलांडून आले.

"हवालदारानं फोन केला होता," ते म्हणाले. "जबाबात तू माझं नाव घेतलं नाहीस."

"हलवलं मी होतं सर."

"सरकव मी म्हटलं होतं." ते बोळाकडं बघत होते. बोळातून एक म्हातारी काठी टेकत बाहेर येत होती. समोरून रिक्षा येत होती. रिक्षावाल्याला ती लांबूनच दिसली, तो थांबला. म्हातारी निवांत रस्ता ओलांडून गेली. सरांनी ते सगळं शेवटपर्यंत पाहिलं.

"शनिवारी सभेत तू बोल," ते म्हणाले. "दोन्ही नकाशे दाखव. पहिला का बदलला, तेही सांग. मी शेजारी बसेन."

"अकरा रस्ते जातील सर."

"जाऊ देत," ते म्हणाले. मग सवयीनं वैतागून म्हणाले, "आणि फोन उचलत जा ग. चौदा वेळा केला मी."

(अकरापैकी पाच मिळाले. पण ती पुढची गोष्ट.)

सर गेल्यावर सुनंदा आली. शर्ट बदलून आली होती. दिवसभराची पार्सलं तशीच पिशवीत होती आणि कंपनीचे लोक फोनवर ओरडत होते, पण तिची नोकरी टिकली होती. खाडेंनी तिच्या ऑफिसला फोन करून, 'बाईची चूक नाही,' असं सांगितलं होतं. तिनं स्कूटर नव्या चौकोनात लावली, उतरून बोळापर्यंत चालत गेली, तिथून वळून पाहिलं, परत आली.

"दिसतंय," ती म्हणाली.

तिनं पिशवी उतरवून पार्सलं बाकड्यावर मांडायला सुरुवात केली. मला एकदम गरगरल्यासारखं झालं आणि मी त्याच बाकड्यावर बसले. सकाळी अर्धा कप चहा घेतला होता, त्यानंतर पाण्याचा घोटही नव्हता. तिनं माझ्याकडं बघितलं. स्कूटरच्या डिक्कीतून भडंगाची पुडी काढली, सोडली आणि खोक्यांच्या मधोमध ठेवली.

"खावा," ती म्हणाली. "मीबी सकाळधरनं उपाशीच हाय."

आम्ही दोघी मूठमूठ भरून खात राहिलो. रस्त्यावरून माणसं जात होती, येत होती आणि पुडी संपेपर्यंत आम्हाला कुणाकडं बघायची गरज वाटली नाही.